मान वर करून पाहायची इटली: पेस्तुम ते फ्लॉरेन्स

रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस हा इटलीचा ठरलेला त्रिकोण. रोममध्ये प्राचीन अवशेष होतात, फ्लॉरेन्समध्ये रेनेसाँ होतो आणि मधली हजार वर्षं ट्रेनच्या खिडकीतून निघून जातात. मग असा समज होतो की रोमन लोकांना सगळं येत होतं, नंतर सगळे विसरले, आणि पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सकरांना ते एकदम आठवलं. मधल्या काळातल्या इमारतींच्या छताखाली नीट उभं राहिलं की तो समज टिकत नाही. म्हणून या वेळी व्हेनिस वगळून पेस्तुम, राव्हेन्ना आणि पादुआ घेतलं, आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न धरून पाहिलं: वरचं वजन जमिनीपर्यंत कसं आणलंय?

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा निवडला. गर्दी थोडी ओसरलेली असते, ऊन सोसवतं, पाऊस मात्र अधूनमधून गाठतो. सोबत आठ पट मोठं दाखवणारी छोटी दुर्बीण असलीच पाहिजे, कारण पाहण्यासारखं बहुतेक सगळं डोक्याच्या बरंच वर आहे. खिशात एक युरोची नाणी ठेवा. पुष्कळ चर्चमध्ये नाणं टाकल्यावरच भिंतीवरचा दिवा लागतो आणि मिनिटभरात विझतो.

पहिला दिवस: पेस्तुम

नेपल्सहून दक्षिणेकडे जाणारी साधी पॅसेंजर गाडी सव्वा तासात पेस्तुमला पोचवते. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर सरळ रस्ता, तटाचा दरवाजा, आणि दहा-पंधरा मिनिटांत तीन ग्रीक देवळं. ग्रीसमध्ये नव्हे, इटलीत. ख्रिस्तपूर्व 600 च्या सुमारास ग्रीक वसाहतकऱ्यांनी हे शहर वसवलं, तेव्हा त्याचं नाव पोसेइडोनिया होतं.

तिन्ही देवळं डोरिक, म्हणजे ग्रीकांच्या साध्या, जाड खांबांच्या पद्धतीची, पण शंभरेक वर्षांच्या अवधीत एकामागोमाग बांधलेली, आणि हेच इथलं खरं धन. सर्वांत जुनं हेरा देवीचं पहिलं देऊळ ख्रिस्तपूर्व 550 च्या आसपासचं. समोर नऊ खांब. नऊ म्हणजे विषम, त्यामुळे नेमका मधोमध एक खांब येतो, आणि आत गाभाऱ्यातही मधून खांबांची रांग जाते. छत पेलायला ती रांग सोयीची, पण देवाची मूर्ती मध्यावर ठेवायला जागाच उरत नाही. शेजारचं हेराचं दुसरं देऊळ सुमारे शंभर वर्षांनंतरचं. त्याला समोर सहा खांब आणि बाजूला चौदा, गाभाऱ्यात खांबांच्या दोन रांगा आणि मधली जागा मोकळी. जुन्या देवळाचे खांब मध्यावर चांगलेच फुगलेले दिसतात आणि त्यांची शीर्षं दाबलेल्या उशीसारखी पसरट आहेत. नव्या देवळात तो फुगवटा आटोक्यात आलाय आणि शीर्षं ताठ झालीत. दोन्ही देवळांच्या मध्ये उभं राहून आळीपाळीने पाहा, शंभर वर्षांत काय सुधारलं ते कुणी सांगावं लागत नाही.

खांबांवरची आडवी पट्टी दुर्बिणीतून बघा. तीन उभ्या खाचांचे ठोकळे, मध्ये कोऱ्या चौकटी, आणि ठोकळ्यांखाली छोट्या गुट्ट्या. विट्रुव्हियस हा रोमन स्थपती सांगतो की ही सगळी लाकडी देवळांची आठवण: ठोकळे म्हणजे तुळयांची टोकं. भाजे-कार्ल्याची चैत्यगृहं पाहिलेल्या माणसाला हे पटकन पटतं. तिथेही कातळात कोरलेल्या छताला लाकडी फासळ्या बसवल्या आहेत, ज्यांची छताला काहीच गरज नाही.

या ठोकळ्यांचा कोपऱ्यावर एक पेच पडतो. नियम असा की प्रत्येक ठोकळा खांबाच्या मध्यावर यावा, आणि पट्टीच्या टोकालाही ठोकळाच असावा. पण तुळई ठोकळ्यापेक्षा रुंद असते, म्हणून कोपऱ्यावर दोन्ही नियम एकत्र पाळता येत नाहीत. हेराच्या दुसऱ्या देवळात गवंड्यांनी शेवटचा खांब जरासा आत सरकवला. पावलं टाकून मोजलं तरी कोपऱ्याकडचं अंतर कमी भरतं.

आणि मुख्य गोष्ट: खांबांच्या मध्यांतलं अंतर जेमतेम साडेचार मीटर. दगड दाब मुकाट्याने सोसतो, पण आडवा टाकला की खालच्या बाजूला ताण येतो आणि तो तडकतो. त्यामुळे दगडी तुळई याहून फार लांब नेता येत नाही. ग्रीक देऊळ बाहेरून पाहण्याची वस्तू झालं, त्यामागे हेही एक कारण आहे. आत मोठी मोकळी जागा मिळवायची तर दुसरी युक्ती हवी होती.

म्युझियम त्याच तिकिटात येतं, ते चुकवू नका. 1968 मध्ये सापडलेली सूर मारणाऱ्या तरुणाची कबर इथे आहे. ख्रिस्तपूर्व 480 ते 470 च्या सुमाराचे हे पाच रंगवलेले दगडी फलक. त्या काळातली ग्रीक भित्तिचित्रं जवळजवळ नष्ट झाली आहेत, म्हणून या साध्या, मोजक्या रेषांना एवढी किंमत.

देवळांच्या परिसरात सावली नाही, पाणी बरोबर घ्या. हा सगळा भाग म्हशीच्या दुधाच्या मोझरेलाचा. सकाळी केलेलं चीज दुपारपर्यंत फ्रीजबाहेर ठेवलेलं मिळालं तर तेच मागा, गार केल्यावर त्याची चव मरते.

दुसरा दिवस: रोम, पॅन्थिऑन आणि मॅक्सेन्शियसची बॅसिलिका

पॅन्थिऑन या प्राचीन रोमन देवळाला 2023 पासून तिकीट आहे, सुरुवातीला ते 5 युरो होतं. सकाळी उघडताना जा. दर्शनी पट्टीवर अग्रिपाचं नाव कोरलंय, पण त्याने बांधलेली मूळ इमारत जळाली. आज उभी असलेली इमारत साधारण 113 ते 125 च्या दरम्यानची, सम्राट हेड्रियनच्या काळात पुरी झालेली. त्याने जुनं नाव तसंच ठेवलं.

आतला व्यास 43.3 मीटर, आणि जमिनीपासून वरच्या भोकापर्यंतची उंचीही तेवढीच. म्हणजे आत एक पूर्ण गोल बसेल. पेस्तुमच्या साडेचार मीटरनंतर हा आकडा अंगावर येतो. मधल्या काळात रोमन लोकांच्या हाती काँक्रीट आलं होतं: चुना, पाणी आणि नेपल्सजवळच्या पोझ्झुओलीच्या नावाने ओळखली जाणारी ज्वालामुखीची राख. आजच्यासारखं ते ओतत नसत. चुन्याचा गारा पसरायचा, त्यात दगडाचे तुकडे हाताने बसवायचे, ठोकायचे, पुन्हा थर. त्यात लोखंडी सळई नाही.

खरी अक्कल कुठला दगड कुठे घातला यात आहे. पायात ट्रॅव्हर्टिन हा जड चुनखडीचा दगड, भिंतीत ट्रॅव्हर्टिन आणि टफ म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा दगड, मग टफ आणि विटांचे तुकडे, आणि सर्वांत वर हलका टफ आणि पाण्यावर तरंगणारा प्युमिस. घुमटाची जाडी बुडाशी सुमारे 6 मीटर, भोकाच्या काठाशी 1.2 मीटर. छताला चौकटींच्या पाच रांगा, प्रत्येक रांगेत 28. खाली भिंतीत मात्र सगळी रचना आठाच्या पटीत आहे. 28 आणि 8 यांचा मेळ बसत नाही, म्हणून चौकटी खालच्या कमानींच्या रेषेत येत नाहीत आणि घुमट खालच्या भिंतीपासून सुटून तरंगल्यासारखा वाटतो.

घुमट उभा असतो तेव्हा त्याचा खालचा भाग बाहेर पसरायला बघतो. इथे तो रेटा कशाने अडवलाय? निव्वळ वजनाने. भिंत सहा मीटर जाड आहे, आणि घुमटाच्या बुडाशी बाहेरून पायऱ्यांसारखी कडी चढवून जास्तीचं ओझं दिलंय. तरीही घुमटाच्या खालच्या भागात उभ्या भेगा गेलेल्याच आहेत. काँक्रीटला ताण सोसत नाही, म्हणून तो जागोजागी फाटला आणि मग एकमेकांना टेकलेल्या कमानींच्या वर्तुळासारखा वागू लागला. जवळजवळ 1900 वर्षं तसाच उभा आहे. 43.3 मीटरचा व्यास, ही सहा मीटरची भिंत आणि या भेगा लक्षात ठेवा, फ्लॉरेन्समध्ये लागतील.

दहाच्या सुमारास पाऊस आला. नऊ मीटर रुंद भोकातून तो सरळ आत पडतो, आणि सगळे लोक आपोआप गोल करून उभे राहतात. फरशी मध्यावर किंचित उंच आहे आणि पाणी जायला 22 भोकं पाडली आहेत. एका रखवालदाराने दोर लावून मधला भाग बंद केला आणि पायाने ती भोकं दाखवली. पाऊस थांबल्यावर ऊन आलं. ऑक्टोबरात दुपारचं ऊन जमिनीवर उतरत नाही, दरवाज्याच्या वरच्या चौकटींवर पडतं. मार्च-सप्टेंबरच्या विषुवदिनी ते नेमकं घुमट आणि भिंत यांच्या सांध्यावर येतं. जमिनीवर उजेडाचा गोळा पाहायचा असेल तर उन्हाळ्यात यावं लागेल.

609 मध्ये या इमारतीचं चर्च झालं, म्हणून ती वाचली. चित्रकार राफाएलची कबर इथेच आहे.

दुपारी फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य चौक. तिथे बहुतेक जण सम्राट मॅक्सेन्शियसच्या बॅसिलिकेपाशी, म्हणजे सार्वजनिक सभागृहापाशी, थबकत नाहीत, आणि हे फार वाईट. 308 मध्ये सुरू झालेल्या या इमारतीचा एकाच बाजूचा भाग उरलाय: तीन अजस्र अर्धगोल छतं. मधलं मुख्य छत, म्हणजे एकमेकांना छेदणाऱ्या कमानींचं, सुमारे 35 मीटर उंच होतं. त्याखाली संगमरवराचे आठ खांब उभे केले होते. त्यातला उरलेला एक 1614 मध्ये काढून सान्ता मारिया माज्जोरे चर्चसमोर नेला. खांबांना काही खास भार नव्हताच, भार कमानींतून जाड आडव्या भिंतींवर जायचा. ग्रीक देवळाचा खांब इथे शोभेचा झाला. ही खूणगाठ महत्त्वाची आहे, कारण रेनेसाँचे वास्तुकार रोमन अवशेषांतून शिकले ते बरंचसं हेच: रचना एकीकडे आणि तिच्यावर चढवलेली खांबांची भाषा दुसरीकडे.

शाकाहारींसाठी: रोमचा काचो ए पेपे पास्ता दिसायला निर्धोक, पण पेकोरिनो चीजमध्ये पारंपरिक पद्धतीने कोकराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं विरजण, वापरतात. पार्मेजानचंही तसंच, तिथे वासराचं. काटेकोर असाल तर टोमॅटो-तुळशीचा पास्ता आणि ऑलिव्ह तेलात शिजवलेले आर्टिचोक घ्या, आणि चीज घालू नका म्हणून आधीच सांगा.

तिसरा दिवस: रोम, पहिली चर्चं

सान्ता कोस्तान्झा शहराच्या उत्तरेला, जरा बाजूला आहे. मेट्रोने सान्त आन्येसे-अन्निबालियानो स्टेशनला उतरा. दुपारी बंद असतं, सकाळीच जा. चौथ्या शतकाच्या मध्यात सम्राट कॉन्स्टंटाइनच्या मुलीसाठी बांधलेली ही गोल समाधी, नंतर चर्च झाली. मध्ये 22.5 मीटर व्यासाचा घुमट, तो पेलायला खांबांच्या बारा जोड्या, आणि भोवती प्रदक्षिणेचा गोल मार्ग. पॅन्थिऑनची सहा मीटरची भिंत इथे खांबांवर आलीय, कारण घुमटाचा रेटा भोवतीच्या मार्गाचं अर्धगोल छत घेतं. या छतावर पांढऱ्या जमिनीवर मोझेक: द्राक्षवेली, घड तोडणारी पोरं, बैलगाड्या, कुंडात द्राक्षं तुडवणारे. धर्म बदलत होता, पण कारागीर आणि त्यांचे नमुने तेच होते.

दुपारी आव्हेन्तिनो टेकडीवरची सान्ता साबिना. 422 ते 432 मधली. इथे घुमट नाही, दगडी छत नाही, फक्त लाकडी कैच्यांचं हलकं छप्पर. छप्पर हलकं म्हणून भिंती पातळ, आणि भिंती पातळ म्हणून मोठमोठ्या खिडक्या. चोवीस खांब जुन्या रोमन इमारतीतून आणलेले, आणि त्यांच्यावर आडव्या तुळईऐवजी सरळ कमानी ठेवल्या आहेत. ही जोडणी डोळ्यांत साठवून ठेवा: खांब, त्यावर कमान, पुढे पुन्हा खांब. फ्लॉरेन्समध्ये पंधराव्या शतकातला वास्तुकार ब्रुनेलेस्की हीच वापरतो. प्रवेशद्वाराचे पाचव्या शतकातले लाकडी दरवाजे अजून जागेवर आहेत. त्यावर डावीकडे सर्वांत वर क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या सर्वांत जुन्या चित्रणांपैकी एक आहे, पण क्रूस जवळजवळ दिसतच नाही.

चौथा आणि पाचवा दिवस: राव्हेन्ना

रोमहून बोलोन्यापर्यंत वेगवान गाडी, पुढे सव्वा तास साधी. साध्या गाडीचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं, नाहीतर दंड होतो.

402 मध्ये पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी इथे आली, नंतर ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिक, आणि 540 नंतर कॉन्स्टँटिनोपलचं राज्य. तीन राजवटींचं काम पायी फिरून पाहता येतं. पाच इमारतींचं एकत्रित तिकीट मिळतं, मात्र गाल्ला प्लाचिदियाच्या समाधीची वेळ वेगळी घ्यावी लागते.

ती समाधी बाहेरून विटांची साधी, बुटकी खोली वाटते. आत गेल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं काहीच दिसत नाही. अलाबास्टरच्या पातळ चकत्यांतून मधाच्या रंगाचा उजेड झिरपतो. हळूहळू निळं छत आणि सोन्याचे तारे वर येतात. आत थांबायला मिनिटं मोजकीच मिळतात, त्यामुळे शिरताना मोबाइलचा पडदा बघू नका, डोळे पुन्हा दिपतात आणि मिळालेला वेळ फुकट जातो.

या मोझेकचं तंत्र जवळून पाहायला शहरातल्या एका कार्यशाळेत गेलो. तिथल्या बाई लाकडाच्या ओंडक्यात रोवलेल्या छिन्नीवर काच धरून दुधारी हातोडीने तिचे तुकडे पाडत होत्या. सोनेरी तुकड्यात तीन थर असतात: खाली जाड काच, मध्ये सोन्याचा वर्ख, वर नखाएवढी पातळ काच. वरचा थर नीट चिकटला नाही तर तो सुटतो आणि वर्ख उडतो. तुकडे ओल्या चुन्याच्या गिलाव्यात बसवताना त्या मुद्दाम किंचित वेगवेगळ्या कोनात दाबत होत्या. सपाट बसवले तर सगळी भिंत एकदम चकाकते किंवा एकदम काळी पडते. वेडेवाकडे बसवले की पाहणारा चालत असताना प्रकाश भिंतीवर हलत राहतो. त्यांनी एक जुना सपाट दुरुस्त केलेला नमुना शेजारी धरून दाखवला, तेव्हा फरक लगेच कळला.

सान व्हिताले हा राव्हेन्नाचा कळस. 526 च्या सुमारास सुरुवात, 547 मध्ये अर्पण, आणि खर्च एका ज्युलियस आर्जेन्टारियसचा, 26,000 सोन्याची नाणी. आराखडा अष्टकोनी, दुहेरी: आत आठ जाड खांब, भोवती प्रदक्षिणा, वर घुमट. हा घुमट मातीच्या भाजलेल्या पोकळ नळ्यांचा आहे. नळीचं निमुळतं टोक पुढच्या नळीच्या तोंडात घालायचं आणि अशी साखळी गोल फिरवत वर न्यायची. वजन अत्यंत कमी, त्यामुळे खालच्या भिंतींत हव्या तेवढ्या खिडक्या. पॅन्थिऑनने वरच्या थरात प्युमिस घालून जे साधलं, तेच इथे चारशे वर्षांनी आणखी पुढे नेलंय. या काळाला अंधारयुगाची सुरुवात म्हणणाऱ्याने या घुमटाखाली उभं राहावं. सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा यांची प्रसिद्ध मोझेक वेदीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर आहेत. पॅन्थिऑनच्या काळातले शिल्पकार देहाचं वजन दाखवत, इथे देह सपाट झालाय, पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि सगळी ताकद डोळ्यांत गेलीय. ही कुवतीची उणीव नव्हे, वेगळी निवड आहे.

सान्त आपोल्लिनारे नुओव्होमध्ये दुर्बीण काढा. थिओडोरिकच्या राजवाड्याच्या चित्रातल्या कमानींत आज पडदे दिसतात. तिथे पूर्वी माणसं होती. सत्ता बदलल्यावर ती पुसून पडदे घातले, पण खांबांवर आलेले हात तसेच राहिले. पांढऱ्या खांबांवर तुटके पंजे आणि मनगटं. एका शाळेच्या सहलीतली मुलं ते मोजत होती आणि त्यांच्या शिक्षिका शांतपणे त्यांना मोजू देत होत्या.

संध्याकाळी सान फ्रांचेस्को चर्चमध्ये नाणं टाकून तळघर उजळलं. जमीन खचल्यामुळे तळघरात कायम पाणी साठलंय, खाली मोझेकची फरशी, आणि पाण्यात लाल मासे. या शहरातल्या जवळजवळ सगळ्या जुन्या इमारती अशाच खचल्या आहेत. निओनच्या बाप्तिस्मागृहाची आजची फरशी मूळ फरशीपेक्षा सुमारे तीन मीटर वर आहे, म्हणून आतलं प्रमाण बुटकं वाटतं. ते मनातल्या मनात ताणून पाहावं.

स्टेशनपासून वीस मिनिटांवर थिओडोरिकची समाधी, 520 च्या सुमाराची. छताला इस्त्रियाहून आणलेला एकच दगड, दहा मीटरहून रुंद, दोनशे टनांहून जड. रेट्याचा प्रश्नच मिटवून टाकलाय.

इथली पियादिना म्हणजे तव्यावरची जाड पोळी. पारंपरिक पिठात डुकराची चरबी असते. ऑलिव्ह तेलाचीही मिळते, ‘सेन्झा स्त्रुत्तो’ म्हणजे चरबीविना असं सांगायचं. आत मऊ स्क्वाक्वेरोने चीज आणि रुकोलाचा पाला.

सहावा दिवस: पादुआ

स्क्रोव्हेन्यी चॅपलचं बुकिंग प्रवास ठरतानाच करा. ठरलेल्या वेळी गट आत घेतात, आधी 15 मिनिटं काचेच्या खोलीत बसवून हवेतली आर्द्रता आणि धूळ आटोक्यात आणतात, मग आत साधारण तेवढाच वेळ. उशीर झाला तर ती फेरी गेली. काय पाहायचं हे ठरवूनच आत जा.

इमारत अगदी साधी: एक लांबट खोली, वर अर्धगोल छत. चित्रकार जोत्तोने 1303 ते 1305 च्या सुमारास ती रंगवली. पद्धत ओल्या गिलाव्याची. भिंतीवर खडबडीत थर, त्यावर कच्चं रेखाटन, मग त्या दिवशी पुरा होईल एवढ्याच भागावर बारीक चुन्याचा थर. तो ओला असतानाच रंग लावायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो आणि रंग त्यात अडकतो. हातात जेमतेम सहा-आठ तास. दिवसाच्या शेवटी उरलेला गिलावा तिरपा कापून टाकायचा, दुसऱ्या दिवशी तिथून पुढे. या जोडरेषा मोजून अभ्यासकांनी इथे सहाशेहून थोडे जास्त असे दिवसाचे तुकडे ओळखले आहेत. चेहऱ्याला एक पूर्ण दिवस, आकाशाला मोठा पट्टा. निळा रंग चुन्यात टिकत नाही, म्हणून तो वाळल्यावर बांधणी घालून लावला. मारियाच्या निळ्या वस्त्रांचे पापुद्रे गेलेत ते त्यामुळेच.

अजिंठ्याशी इथे तुलना होते, पण तंत्र वेगळं आहे. अजिंठ्यात माती, भाताचा तूस वगैरेंचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि रंग कोरड्यावर. 1920 च्या सुमारास निजामाच्या राज्याने इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी यांना अजिंठ्याच्या जतनासाठी बोलावलं होतं. सुटलेला गिलावा त्यांनी धरून ठेवला, पण वर दिलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडला.

ख्रिस्ताच्या मृतदेहाभोवतीचा शोक आधी पाहा. दोन बायका आपल्याकडे पाठ करून बसल्या आहेत. राव्हेन्नात सगळे आपल्याकडे बघतात. इथे पाठी दिसताच चित्राला खोली येते, कारण पाठीच्या पुढे जागा असावी लागते. मग वेदीच्या कमानीच्या दोन्ही बाजूंना खाली पाहा: दोन रिकाम्या खोल्या रंगवल्या आहेत, आत टोकदार कमानींचं छत आणि टांगलेला दिवा. माणूस नाही, कथा नाही, नुसती जागा. खऱ्या चॅपलच्या मध्यावर उभं राहिलं की दोन्ही खोल्यांच्या रेषा तिथूनच पाहिल्यासारख्या जुळतात. गणिती यथादर्शन (पर्स्पेक्टिव्ह) यायला अजून शंभर वर्षं होती.

उरलेल्या वेळात पालाझ्झो देल्ला राज्जोनेचं वरचं दालन पाहा. सुमारे 80 मीटर लांब, 27 मीटर रुंद, मध्ये एकही खांब नाही, वर उलट्या जहाजासारखं लाकडी छत. 1756 च्या वादळात उडालं आणि पुन्हा बांधलं. आडव्या लोखंडी सळया रेटा बांधून ठेवतात. खाली भाज्या आणि चीजचा बाजार भरतो, दुपारच्या आत जा.

सातवा दिवस: फ्लॉरेन्स, घुमट

सुरुवात बाप्तिस्मागृहापासून करा, कॅथीड्रलपासून नको. अकराव्या-बाराव्या शतकातली ही अष्टकोनी इमारत, पांढऱ्या आणि हिरव्या संगमरवराची. फ्लॉरेन्सकर तिला प्राचीन रोमन देऊळ समजत, आणि ब्रुनेलेस्कीच्या पिढीने ‘प्राचीन’ म्हणून जे पाहिलं त्यात हीही होती. वरचा टोकदार अष्टकोनी घुमट कित्येक शतकं त्यांच्या डोळ्यांसमोर होता. मोठ्या घुमटाचा नमुना शोधायला रोमला जायची गरजच नव्हती, तो रस्त्यापलीकडे होता.

आता कॅथीड्रल. 1296 मध्ये आर्नोल्फो दी काम्बियोने सुरू केलं, 1367 मध्ये अष्टकोनाचं माप ठरलं, आणि घुमट कसा बांधायचा हे ठाऊक नसताना खालचा अष्टकोनी गळा उभा करून झाला. व्यास सुमारे 45 मीटर, म्हणजे पॅन्थिऑनपेक्षा मोठा, आणि सुरुवातच जमिनीपासून पन्नासेक मीटरवर. 1418 मध्ये स्पर्धा लागली. अडचणी अशा: एवढ्या रुंदीला सेंटरिंग लावायला लाकूड कुठून आणणार? रोमन काँक्रीटची रीत हाती नाही. पॅन्थिऑनसारखी सहा मीटर भिंत नाही, गळा बांधून झालाय, आणि बाहेरून आधाराच्या उडत्या कमानी फ्लॉरेन्सला नको होत्या.

1420 ते 1436 मध्ये ब्रुनेलेस्कीने तो सेंटरिंगशिवाय बांधला. वर चढायला 463 पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, वेळेचं बुकिंग सक्तीचं. पण चढायलाच हवं, कारण वाट दोन कवचांच्या मधून जाते आणि उत्तरं तिथे भिंतीत दिसतात.

पहिलं उत्तर, आकार. घुमट अर्धगोल नाही, टोकदार आहे. प्रत्येक बाजूचा वक्र व्यासाच्या चार-पंचमांश त्रिज्येचा. टोकदार घुमट कमी पसरतो आणि बांधताना जास्त उभा राहतो. ही गॉथिक कारागिरांची देणगी. दुसरं, दोन कवचं: आतलं सुमारे दोन मीटर जाड, बाहेरचं त्याच्या निम्म्याहून कमी, आणि दोघांना जोडणाऱ्या 24 फासळ्या. बाहेरून फक्त आठ दिसतात. तिसरं, कडी: वाळूच्या दगडाच्या लांब चिपा लोखंडी आकड्यांनी जोडून केलेल्या साखळ्या, आणि एक साखळी चेस्टनटच्या लाकडाची. पॅन्थिऑनच्या भेगा जिथे पडल्या तिथला ताण या साखळ्यांनी घ्यावा असा बेत.

चौथं उत्तर सर्वांत सुंदर. पायऱ्यांवरून जाताना उघड्या विटांकडे बघा. आडव्या थरात ठरावीक अंतराने एक वीट उभी, पुढच्या थरात ती एक वीट सरकलेली, अशी तिरपी नागमोडी रेषा वर चढत जाते. थर जसजसा आत झुकतो तसतशी ओल्या चुन्यावरची वीट घसरायला बघते. उभ्या विटा प्रत्येक थराचे छोटे छोटे तुकडे करतात आणि मधल्या चार-पाच विटांना पाचरीसारखं धरून ठेवतात, चुना घट्ट होईपर्यंत. वर्तुळ पुरं झालं की तो थर स्वतःला पेलतो. अष्टकोनाला कोपरे असतात, मग वर्तुळ कुठलं? आतलं कवच इतकं जाड आहे की त्याच्या जाडीत एक अखंड वर्तुळ मावतं. ही दोन मीटर जाडी उगाच नाही.

एवढं करूनही घुमटाला भेगा आहेत आणि त्यांवर उपकरणं लावून सतत नजर ठेवली जाते.

खाली उतरल्यावर पाय थरथरतात. रिबोल्लिता घ्या: शिळा पाव, पांढरा राजमा, काळपट कोबी, ऑलिव्ह तेल. इथला पाव अळणी असतो, तो सुपात बुडवायलाच केलेला. काही ठिकाणी सुपात मांसाचं पाणी घालतात, विचारून घ्या.

शेवटचा दिवस: फ्लॉरेन्स, कागदावरून दगडात

बार्जेल्लो म्युझियममध्ये बाप्तिस्मागृहाच्या दरवाज्यासाठी 1401 मध्ये झालेल्या स्पर्धेचे दोन ब्राँझचे फलक शेजारी शेजारी लावलेत. विषय एकच, इसहाकाचा बळी. ब्रुनेलेस्कीने आकृत्या सुट्या ओतून पाटीवर जोडल्या, त्याचा प्रतिस्पर्धी गिबेर्ती याने जवळजवळ सगळं एकसंध ओतलं आणि मागून पोकळ ठेवलं. गिबेर्तीचा फलक सुमारे 7 किलोंनी हलका. असे 28 फलक लागणार होते. धातू महाग होता, आणि निर्णयाच्या वेळी हे वजन कुणाच्या नजरेतून सुटलं असेल असं वाटत नाही.

सान्ता मारिया नोव्हेल्ला चर्चमध्ये चित्रकार मासाच्चोचं ख्रिस्ती त्रिमूर्तीचं भित्तिचित्र, साधारण 1425 ते 1428. चौकटींचं रोमन अर्धगोल छत सपाट भिंतीवर इतकं अचूक काढलंय की आत पाऊल टाकावंसं वाटतं. सगळ्या रेषा क्रुसाच्या पायाशी, पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर मिळतात. दुर्बिणीने पाहिलं तर गिलाव्यात दोरा ताणून आणि टोच्याने मारलेल्या रेषा दिसतात. पाच-सहा मीटर मागे, बरोबर समोर उभे राहा. जवळ गेलात की छत कोसळल्यासारखं दिसतं.

अनाथालयाच्या ओवरीत, म्हणजे ओस्पेदाले देल्यी इन्नोचेन्तीमध्ये, टेप लागत नाही: खांबाची उंची, दोन खांबांतलं अंतर आणि ओवरीची खोली सारखीच. सान्ता साबिनातली खांबावरची कमान इथे 1419 नंतर गणितात बसवलीय. खांब सडपातळ आहेत, म्हणून रेटा सांभाळायला कमानींच्या मध्ये लोखंडी सळया लागल्याच.

सान लोरेन्झो चर्चची जुनी साक्रिस्ती, म्हणजे पूजासाहित्याची खोली, हीच पद्धत घुमटापर्यंत नेते: चौरस खोली, चार कोपऱ्यांत त्रिकोणी वक्र आधार, त्यावर बारा फासळ्यांचा छत्रीसारखा घुमट. करड्या दगडाच्या पट्ट्या पांढऱ्या भिंतीवर आराखड्याच्या रेषेसारख्या उमटतात. शेजारच्या ग्रंथालयात वेळ असेल तर नक्की चढा, ते मोजकेच तास उघडतं. मायकेलअँजेलोने 1524 पासून रचलेल्या तिथल्या प्रवेशदालनात खांब भिंतीच्या पुढे नसून भिंतीत खुपसलेत, आणि त्यांच्याखाली जमिनीऐवजी लोंबत्या घोडींचा टेकू आहे. इन्नोचेन्तीच्या ओवरीपासून इथपर्यंत शंभर वर्षं. नियम पक्के झाले आणि लगेच कुणीतरी ते वाकवून पाहिले.

बाहेर पडल्यावर चर्चचा दर्शनी भाग उघड्या दगडांचाच दिसतो. तो संगमरवरात मढवायचं काम पोप दहाव्या लिओने मायकेलअँजेलोला दिलं आणि 1520 मध्ये करार मोडला. दगडांचे ओबडधोबड थर आजही तसेच आहेत. ठरलेला आराखडा पाहायचा तर त्याचं लाकडी मॉडेल कासा बुओनार्रोतीमध्ये आहे, सान्ता क्रोचेपासून चार-पाच मिनिटांवर. आठवड्यातून एक दिवस बंद असतं, वार तपासून जा.